कोंबुचा: चहाची बुरशी की आंबवलेला चहा?

धुळ्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: ‘मी घरी कोंबुचा करते, गोड चहा एका चकतीसोबत बरणीत काही दिवस ठेवून. ओळखीच्यांना बाटल्या देते, पुढे बचत गटातून विकायचा विचार आहे. बाटलीवर “चहाच्या बुरशीचं औषधी पेय” असं लिहिलं, तर सासूबाईंनी बुरशी म्हटल्यावर घोटसुद्धा घेतला नाही. मराठीत याला नेमकं काय म्हणावं? बरणीतल्या त्या चकतीला काय म्हणावं? आणि लिहायचं कसं, कोम्बूचा की कोंबुचा? तो की ते?’

ताई, सासूबाईंचा नकार भाषेच्या अंगाने अगदी रास्त आहे. आपल्या घरांत बुरशी म्हणजे लोणच्यावर आलेली, शिळ्या भाकरीवर आलेली, पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर आलेली. ती दिसली की वस्तू टाकून द्यायची, हाच त्या शब्दाचा व्यवहारातला अर्थ.

तुम्ही हे नाव हवेतून काढलेलं नाही, हेही खरं. रशियनमध्ये या पेयाला ‘चाय्नी ग्रिब’ म्हणतात, म्हणजे चहाची अळंबी. जपानीत ‘कोचा किनोको’, अर्थ पुन्हा तोच. चिनी नावातही बुरशी-अळंबीचाच भाव आहे. बरणीत तरंगणारी जाड, बुळबुळीत चकती पाहून ही नावं पडली. पण ती चकती अळंबी नव्हे. ती सेल्युलोजची (वनस्पतींच्या तंतूंत असतं त्याच द्रव्याची) असते आणि ते सेल्युलोज जिवाणू तयार करतात, मुख्यतः कोमागाटाइबॅक्टर या प्रजातीचे. त्यांच्या सोबतीला यीस्ट असतं. यीस्ट साखर फोडतं आणि तिच्यापासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बनवतं. जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करतात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, शिवाय ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्ल करतात. यीस्ट शास्त्राच्या हिशेबाने बुरशीच्या गोत्रातलंच आहे, त्यामुळे तुमचा शब्द सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही.

मला तो नको वाटतो त्याचं कारण व्यवहाराचं आहे. या चहावर कधीकधी खरी बुरशीही येते. वरच्या बाजूला कोरडे, लोकरीसारखे, हिरवे-काळे किंवा पांढरे ठिपके दिसले तर चकतीसकट सगळं ओतून द्यावं लागतं. वरचं खरवडून खालचं वापरणं धोक्याचं. (चकतीखाली लोंबणारे तपकिरी धागे मात्र यीस्टचे असतात, त्यांनी घाबरू नये.) आता चांगल्या चकतीचंच नाव बुरशी असेल, तर ‘बुरशी आली आहे’ हे वाक्य ऐकणाऱ्याने कसं घ्यावं? चकती छान जमली असं, की बरणी रिकामी कर असं? खाण्यापिण्याच्या वस्तूत चांगल्याला आणि वाईटाला एकच शब्द असणं परवडत नाही.

मराठी तर या बाबतीत फार काटेकोर भाषा आहे. दूध नासतं, भात विटतो, भाजी उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत उतरते, भाकरी बुरसते, खोबरं खवट होतं, फळ सडतं, पाला कुजतो. प्रत्येक बिघाडाला वेगळं क्रियापद आहे आणि स्वयंपाकघरात वावरणारं माणूस त्यांची अदलाबदल कधी करत नाही. दुसऱ्या बाजूला दही लागतं, लोणचं मुरतं, पीठ फुगून येतं. हे हवेसे बदल. आंबणे हे क्रियापद या दोन गटांच्या सीमेवर उभं आहे. ‘वरण आंबलं’ ही तक्रार आहे, ‘पीठ आंबलं का?’ ही वाट पाहणं आहे. म्हणून ‘आंबलेला चहा’ असं लिहिलंत तर निम्मे लोक तोंड वाकडं करतील, पण ‘आंबवलेला चहा’ म्हटलं की शंका उरत नाही. त्या एका ‘व’मुळे कळतं की हे आपोआप घडलेलं नाही, कुणीतरी जाणून, लक्ष ठेवून घडवलं आहे. माझ्या मते तुम्हाला हवा असलेला शब्द हाच.

हा शब्द खान्देशात कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. कुरडयांसाठी गहू भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, आणि तिसऱ्या दिवशी त्या गव्हाला जो आंबूस वास येतो त्याला आपल्याकडे कुणी बिघाड म्हणत नाही. उलट तो वास आला की चीक काढायची तयारी सुरू होते. आंबणे, आंबट, आंबूस, आंबील हे सगळे संस्कृत अम्ल आणि प्राकृत अंबिल यांच्या घरातले शब्द. चव, वास आणि क्रिया तिन्ही एकाच धातूतून निघाल्या आहेत. एखाद्या पेयाचं नाव त्याची चवही सांगत असेल तर ते चांगलं नाव.

‘किण्वित चहा’ चालेल का, असं कुणी विचारेल. किण्व, म्हणजे आंबवण्यासाठी घालायचा पदार्थ, हा फार जुना शब्द आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या, म्हणजे मद्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात मद्यासाठी लागणारं किण्व येतं. विज्ञानाच्या पुस्तकात किण्वन हवंच. पण बचत गटाच्या टेबलावरची बाटली उचलून पाहणाऱ्या बाईला ‘किण्वित’वरून चव कळणार नाही, कृतीही कळणार नाही.

आणखी एक मोहात पाडणारा शब्द आहे, अरिष्ट. आयुर्वेदात द्रव्य न उकळता आंबवलं तर आसव आणि काढा करून आंबवलं तर अरिष्ट. चहा तर उकळूनच घेतो, तेव्हा ‘चहारिष्ट’ तर्काने बसतं. पण दशमूलारिष्ट आणि अशोकारिष्ट ऐकत वाढलेल्या कानाला अरिष्ट म्हणजे वैद्याने दिलेली बाटली. तो मान या पेयाला उगाच मिळेल. (संकट हा अरिष्टचा दुसरा अर्थ आहेच.)

चकतीच्या प्रश्नाचं उत्तर सांगताना एक गोष्ट आधी सांगतो. जुन्या बरणीतून नव्या बरणीत दोन वस्तू जातात, चकती आणि तिच्याभोवतीचं आंबट पाणी. सगळ्यांचं लक्ष चकतीकडे असतं, पण अधिक महत्त्वाचं ते पाणी आहे. लिटरभर गोड चहाला साधारण १०० मिलिलिटर घातलं की चहा पहिल्या दिवसापासून आम्लधर्मी होतो आणि नको असलेल्या जंतूंना वाव मिळत नाही. जिवाणू आणि यीस्टही त्यात असतात, म्हणून नुसत्या पाण्यावरही नवी चकती धरते. मागच्या खेपेतलं थोडं राखून पुढच्या खेपेला लावायचं, या वस्तूला आपल्याकडे शब्द तयार आहे: विरजण, खेड्यात इरजण. त्या आंबट पाण्याला खुशाल विरजण म्हणा. ‘चहा कोमट नाही, पूर्ण गार झाल्यावर विरजण घाला’ असं सांगितलं तर शेजारीण लगेच समजेल, आणि दह्यापेक्षा इथे काय वेगळं करायचं तेही तिच्या ध्यानात राहील.

चकतीला चकतीच म्हणावं. स्कोबी हा शब्दही आता रुळतो आहे, तो जिवाणू आणि यीस्ट यांच्या सहजीवी वसाहतीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून झाला आहे. काहीजण तिला ‘आई’ म्हणू लागलेत. व्हिनेगरवरच्या थराला इंग्रजीत तसं म्हणतात, तिथून हे आलं. मराठीत ते मला पटत नाही, कारण चकती हा शब्द हाताशी असताना त्याची गरजच पडत नाही.

बाटलीवर आणखी एक शब्द आवर्जून लिहा: फसफसतो. गाळून झाकण लावलेल्या बाटलीतही आंबणं थांबत नाही, वायू साचत राहतो. या चहाला २४ ते २९ अंशांचं तापमान मानवतं आणि तयार व्हायला सात ते चौदा दिवस लागतात, ही माहिती सगळीकडे मिळते. पण भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. तिथे तो फार लवकर आंबतो, आणि बंद काचेची बाटली स्वयंपाकघरात राहिली तर दाबाने फुटू शकते. ‘थंड जागी ठेवा, हळू उघडा, फसफसतो’ एवढी सूचना त्यामुळे नावाइतकीच गरजेची आहे.

वायू होतो तिथे थोडं अल्कोहोलही होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी मोहाची फुलं आंबवून काय होतं हे आपण जाणतोच. इथे जिवाणू बहुतेक अल्कोहोलचं आम्ल करून टाकतात, म्हणून प्रमाण अगदी कमी राहतं. अमेरिकेत बिनमद्य पेयांतल्या अल्कोहोलला ०.५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि २०१० मध्ये तिथल्या दुकानांतून कोंबुचाच्या बाटल्या काढाव्या लागल्या होत्या, कारण बाटलीत आंबणं चालू राहून काहींत प्रमाण त्याच्यावर गेलं होतं. घरी मोजायचं साधन नसतं. घरात माळकरी असतील तर त्यांना हे आधी सांगावं आणि ठरवू द्यावं. शुक्रवारी आंबट वर्ज्य करणाऱ्या बायकांना मात्र ‘आंबवलेला’ हा शब्द वाचूनच कळेल.

आता ‘औषधी’. ताई, हा शब्द काढाच. या पेयाबद्दल पचन, सांधे, मधुमेह, कर्करोग, केस, काय काय म्हणून सांगितलं जातं. २००३ मध्ये पर्यायी उपचारांचे अभ्यासक एडझार्ड अर्न्स्ट यांनी तोवरचं संशोधन तपासलं, तेव्हा त्याच्या परिणामकारकतेबद्दल माणसांवर केलेली एकही चाचणी त्यांना आढळली नाही. अमेरिकेत टाइप २ मधुमेहाच्या १२ जणांवर झालेल्या एका छोट्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. चार आठवडे रोज पेलाभर कोंबुचा घेतल्यावर त्यांची उपाशीपोटीची साखर सरासरीने उतरलेली दिसली. आशा वाटावी असं ते आहे, पण बारा माणसांवरून बाटलीवर शब्द छापता येत नाही. करताना लिटरमागे ५० ते १०० ग्रॅम साखर पडते आणि त्यातली काही शेवटपर्यंत उरते, हे मधुमेह असलेल्या माणसाला आधी कळायला हवं. शिवाय मधुमेह आणि कर्करोग दोन्ही आजार आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या औषधविषयक कायद्याच्या यादीत आहेत. त्यांच्यावरचा उपाय म्हणून जाहिरात करणं हा गुन्हा आहे.

‘प्रोबायोटिक’ हा शब्द निरुपद्रवी वाटतो, पण त्यालाही अर्थाची अट आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार जिवंत सूक्ष्मजीव पुरेशा प्रमाणात पोटात जाऊन आरोग्याला फायदा व्हायला हवा. घरच्या बरणीत कोणते, किती आणि फायदा किती, हे सांगता येत नसेल तर तो शब्द आपला नाही.

मग ज्यांना खरंच बरं वाटतं त्यांनी काय म्हणावं? मराठीत यासाठी फार सुंदर क्रियापद आहे, मानवणे. ‘मला कोंबुचा मानवतो’ यात अनुभव पूर्ण येतो, आणि तो तुलाही मानवेल असा दावा मात्र येत नाही. त्याचं उलट बाधणे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात घरचा कोंबुचा पिणाऱ्या दोन स्त्रिया गंभीर आजारी पडल्या, त्यांच्या रक्तातलं आम्ल वाढलं होतं आणि एकीचा मृत्यू झाला. कारण कोंबुचाच होता हे सिद्ध झालं नाही, पण गरोदर स्त्रिया, लहान मुलं, यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी तो घेऊ नये असं सांगितलं जातं. बाटलीवर ‘गुणकारी’ लिहिण्यापेक्षा ही ओळ लिहा. आणि लोणच्याच्या झिलईदार रंगीत बरणीत चहा आंबवू नका. आम्लाने झिलईतलं शिसं उतरू शकतं. काचेची बरणी बरी.

एकंदरीत मी बाटलीवर असं लिहीन: ‘कोंबुचा, आंबवलेला चहा. साखर आहे. किंचित अल्कोहोल असू शकतं. थंड ठेवा, हळू उघडा, फसफसतो.’ आणि त्याखाली कोणी घेऊ नये ती ओळ.

राहिलं लेखन. मूळ जपानीत ‘कोंबु’ म्हणजे समुद्रातलं एक शेवाळ आणि ‘चा’ म्हणजे चहा. जपानमध्ये कोंबुचा म्हणजे त्या शेवाळाचा चहा, आंबवलेल्या चहाशी त्याचा संबंध नाही. हे नाव बाहेरच्या लोकांनी बहुधा गैरसमजातून याला चिकटवलं. इ. स. ४१४ मध्ये कोंबु नावाच्या कोरियन वैद्याने जपानच्या सम्राटाला हे पेय दिलं ही गोष्ट पुष्कळदा वाचायला मिळते, तिला आधार नाही. पण ‘चा’ हा आपल्याच चहाचा सख्खा भाऊ आहे, दोघंही चिनीतून आलेले. त्यामुळे ‘कोंबुचा चहा’ म्हणू नका, चहा दोनदा होतो.

शब्दाचं शेवटचं अक्षर दीर्घ असलं की त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व, हा आपला नियम (पाहुणा, महिना). म्हणून ‘बु’ ऱ्हस्व. अनुस्वार द्यावा, पुढे ब असल्याने उच्चार म होतोच. तेव्हा ‘कोंबुचा’. उच्चारात एक काळजी घ्या. प्रमाण मराठी बोलणारा हा ‘चा’ घराचा, दाराचा यांतल्यासारखा म्हणून जातो आणि मग ‘कोंबूचा म्हणजे कोणाचा?’ असा प्रश्न येतो. हा च चहातला, चार मधला. अहिराणी बोलणाऱ्याला ही अडचण येत नाही, कारण तिथे षष्ठी ना-नी-नं अशी चालते. तो सरळ ‘कोंबुचाना वास’ म्हणेल.

लिंग चहाप्रमाणे पुल्लिंगी: तो कोंबुचा. विभक्तीही चहाप्रमाणे चालवावी, कोंबुचाला, कोंबुचाचा. सोड्याला, पिझ्झ्याला या वळणावर कुणी ‘कोंबुच्याला’ म्हटलं तर तेही मराठीच्या चालीतच आहे, त्याला चूक म्हणू नये.