नेट मीटरिंग : संच घेण्याआधी आकारणीचा नियम वाचा
छतावर किती किलोवॅटचा सौरऊर्जा संच बसेल हा प्रश्न नंतरचा. आधी तुमच्या वीज कंपनीचा आकारणीचा नियम वाचा. नेट मीटरिंगमध्ये ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, दिलेले युनिट घेतलेल्या युनिटमधून थेट वजा होते, तर नेट बिलिंगमध्ये दिलेल्या विजेचा दर वेगळा आणि बहुधा बराच कमी असतो, त्यामुळे तिथे पंप किंवा वॉशिंग मशीन भर दुपारी चालवून वीज घरातच वापरणे अधिक फायद्याचे ठरते. शिल्लक युनिट पुढच्या बिलात जमा होतात का आणि वर्षअखेरीस त्यांचे काय होते, हेही विचारा. वार्षिक वापरापेक्षा मोठा संच घेण्याचा मोह बहुतेकदा इथेच महागात पडतो.

अनुदानामुळे खर्च थेट कमी होतो, करसवलतीचा पूर्ण लाभ मात्र बहुधा तेवढा कर देय असेल तरच मिळतो, म्हणून विक्रेत्याने दोन्ही सरसकट वजा करून दाखवलेला खर्च वसूल होण्याचा काळ मी तरी ग्राह्य धरत नाही. पॅनेल साधारण २५ वर्षे चालतात, पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर बहुधा त्याआधीच बदलावा लागतो. तो खर्चही हिशेबात धरा. शिवाय बॅटरीविना ग्रिडला जोडलेला साधा संच वीज गेल्यावर सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होतो.