फादरांनी विचारलं आणि माझा हात वर गेला

प्रश्न : बाई, मी वसईतल्या एका धर्मग्रामातला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला. वय 25, बँकेत नोकरी. युवा मंडळाच्या बैठकीत फादरांनी विचारलं, दिवाळीच्या सुट्टीतली मिशन सहल कोण नेणार? कुणी बोलेना. ती शांतता सहन होईना म्हणून माझा हात वर गेला. आता 15 ते 20 वयाची 22 पोरं घेऊन पाच दिवस जव्हार तालुक्यातल्या एका मिशन केंद्रावर जायचंय. पोरं जुने कपडे गोळा करतायत, व्यसनमुक्तीवर पथनाट्य बसवतायत. आई म्हणते, कुणाच्या पोराला काही झालं तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मला रात्री झोप येत नाही. फादरांना नाही सांगू का?
— हात वर केलेला, वसई

उत्तर : नको सांगूस. ज्याची झोप उडालीय त्यानंच पोरं न्यावीत. 1993 साली मला छान गाढ झोप लागत होती. 18 पोरं, मठातली एक सिस्टर आणि टेम्पोभर बोचकी घेऊन मी त्याच बाजूला गेले होते. तेव्हा आपला ठाणे जिल्हा होता, पालघर व्हायला अजून 21 वर्षं होती. दुसऱ्या रात्री एका पोराला दम्याचा झटका आला. त्याचा पंप घरी राहिलेला. त्याला दमा आहे हे त्याच्या मित्राला माहीत होतं, मला नव्हतं. केंद्रावरच्या सिस्टरांनी जीप काढली नि अंधारात त्याला दवाखान्यात पोचवलं. पोरगा वाचला. आज त्याला दोन मुलं आहेत, पण चर्चच्या आवारात भेटला की माझं लक्ष अजून आधी त्याच्या श्वासाकडे जातं.

म्हणून पालकांना चिठ्ठी पाठवून भागवू नकोस. 22 घरी स्वतः जा, चहा पी, आईला विचार : औषध कुठलं, कशाची ॲलर्जी, रात्री झोपेत चालतो का. परवानगीवर सही तिथंच घे. मुली असतील तर सोबत दोन बायका हव्यातच, आणि त्या कुणाच्या तरी ‘मोठ्या ताई’ नकोत, चांगल्या तिशीच्या पुढच्या हव्यात. कुठल्याही पोराबरोबर कुणीही मोठं माणूस बंद खोलीत एकटं राहणार नाही, हा नियम निघण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखव. त्यात तूही आलास आणि फादरही.

बस मनोर-विक्रमगडवरून दिवसाउजेडी पोचेल अशीच काढ. केंद्रामार्फत पोलीसपाटलांना आणि ग्रामपंचायतीला आधी कळव. 2020 च्या एप्रिलमध्ये आपल्याच जिल्ह्यात, गडचिंचल्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून रात्री गाडी अडवून तीन माणसं मारली गेली. अनोळखी गाडी रात्री पाड्याकडे वळवायची नाही, एवढं त्यावरून लक्षात ठेव. 108 नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे, पण रेंज कुठे मिळते ते पहिल्याच दिवशी सिस्टरांना विचारून घे.

आता कपडे. आमची सात बोचकी होती : जरीच्या साड्या, जीन्स, एक सूटसुद्धा. बायकांनी घेतलं सगळं, नाही कुणीच म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी एका शेतात बुजगावणं दिसलं, त्याच्या अंगावर आमच्याच धर्मग्रामातल्या कुणाची तरी जीन्स. उपयोग तर झाला! तू मात्र टेम्पोचं भाडं वाचव. पथनाट्यही राहू दे. आपल्याकडच्या लग्नात किती बाटल्या फुटतात हे त्या लोकांना ठाऊक नाही म्हणून बरं.

त्या दिवसांत तिथं भातकापणी चालू असते. त्याला माणसं हवी असतात. पोरांना भारे वाहू दे, झोडणीला लाव; विळा हातात देऊ नकोस. आपल्या आज्यांना कापणी येत होती, या पोरांना भात फक्त कुकरमध्ये माहीत. पायात बूट, रात्री हातात टॉर्च. गवतात जनावर असतं. वाघबारस, वाघदेवाच्या पूजेचा दिवस, त्याच सुमाराला येते. वारली लोकांचा देव आहे, सण आहे, मोबाईल काढून घुसायचं नाही. तारपा, त्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, वाजला तर बसून ऐका, बोलावलं तर नाचा. आणि तिथं प्रवचन कुणी द्यायचं नाही. मिस्सा, आपली चर्चची उपासना, केंद्रात होईल, ज्याला यायचं तो येईल.

त्या वेळी एक बाई माझ्या शेजारी पेंढ्या रचत होती. कुठून आलात म्हणाली. मी गावाचं नाव सांगितलं. तिनं शाळेमागच्या चिंचेचं झाड विचारलं, आहे का अजून? मी बघतच राहिले. दोन हिवाळे ती आमच्या शाळेमागच्या वीटभट्टीवर होती. दिवाळी झाली की तिथले कितीतरी लोक वसई-भिवंडीकडे भट्टीवर निघतात, होळीला नाहीतर पावसाच्या तोंडावर परततात. तिची पोरगी शाळेच्या कुंपणाला धरून वर्ग बघत उभी राहायची. त्या पोरीला मी दोनदा तिथून हाकललं होतं, माझ्या वर्गाचं लक्ष जातं म्हणून. बाईनं ते ओळखलं की नाही, कळलं नाही. तिनं मला पेंढी बांधायची गाठ शिकवली.

1926 साली पोपनी ठरवून दिल्यापासून जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये ऑक्टोबरातल्या शेवटून दुसऱ्या रविवारी मिशन रविवार पाळतात. आपणही दानाची पाकिटं भरतो आणि मिशन म्हणजे घाट चढून जायची जागा असं पोरांच्या डोक्यात बसतं. म्हणून पाच दिवसांच्या सहलीला एक सहावा दिवस जोड. डिसेंबरातला एखादा रविवार धरून त्याच 22 जणांना आपल्या भागातल्या भट्टीवर ने. तुम्ही ज्यांचे भारे वाहिले त्यातलं कुणीतरी तिथं भेटेलही. निघताना जव्हारला पाड्यावर विचारून ठेव, यंदा कुठल्या भट्टीची उचल घेतलीय. त्यांची पोरं शाळेत बसतात का, शिक्षक नाही म्हणाले तर का म्हणाले, याची चौकशी तुमच्यातल्या चौघांनी वर्षभर धरली तर मला आवडेल. फादर त्या पोरांना बसायला जागा देतील का, तेही आत्ताच विचार. हात वर केलेल्या माणसाला ते सहसा नाही म्हणत नाहीत.

आईला सांग, मी दम्याच्या पोराच्या घरी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा त्याच्या आईनं मला आधी पाणी दिलं, मग झापलं. आणि परत आलास की कळव, किती जणांना गाठ जमली ते.