एआय फॉर्म्युला कुठे वापरायचा, कुठे नाही

तुळशीबागेतल्या दुकानाची ऑर्डरशीट हातात घेतली आहेस, तर पहिलं हे ठरव: बेरीज, उधारी, जीएसटी यांत एआय फॉर्म्युला (लिहिलेल्या सूचनेवरून एआयकडून सेलमध्ये उत्तर आणणारं फंक्शन) आणायचाच नाही. तिथे साधा बेरीज-गुणाकाराचा फॉर्म्युला पुरतो आणि तो दरवेळी तेच उत्तर देतो. एक्सेलच्या कोपायलट या एआय फंक्शनबद्दल खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगते की आकडेमोडीला ते वापरू नका.

एआय फॉर्म्युल्याची खरी मदत होते गिऱ्हाइकांच्या मेसेजची वर्गवारी करायला. "ताई, झुमक्याची कडी तुटलीये, बदलून मिळेल का?" हा मजकूर ए२ सेलमध्ये असेल, तर गूगल शीट्सच्या एआय फंक्शनमध्ये अवतरणात सूचना लिहायची, स्वल्पविराम द्यायचा आणि ए२ जोडायचा. सूचना मोघम नको. नुसतं "वर्गवारी कर" म्हटलंस तर ओळीओळीला नवा शब्द येईल. "बदली, चौकशी, उशीर, इतर यांपैकी एकच शब्द लिही" असं बांधून दे, म्हणजे पुढे काउंटइफ (एखादा शब्द किती ओळींत आलाय ते मोजणारं फंक्शन) नीट चालतं. 'इतर' हवंच, नाहीतर एआय प्रत्येक मेसेज ओढूनताणून कुठेतरी बसवतं.

आधी दहा ओळींवर बघ, मग खाली ओढ. तपासलेली उत्तरं व्हॅल्यू म्हणून पेस्ट कर, म्हणजे फॉर्म्युला जाऊन नुसता मजकूर उरतो. गिऱ्हाइकांचे फोन नंबर मात्र फॉर्म्युल्याला जोडलेल्या सेलमध्ये कधीच घेऊ नकोस. वर्गवारीला ते लागतच नाहीत.