इमेज अर्ध्यात अडकते तेव्हा

डिस्कची इमेज, म्हणजे बॅकअपसाठी अख्ख्या डिस्कची फाईलमध्ये काढलेली नक्कल, पूर्ण होतच नाहीये? आधी एक सांगा, ती नेमकी कुठे थांबते? बरोबर ४ जीबीला थांबत असेल तर सॉफ्टवेअरला शिव्या घालू नका. तुमची बाहेरची डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असणार, आणि त्यात ४ जीबीची एक अख्खी फाईल मावतच नाही. ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा (आतलं आधी दुसरीकडे हलवून, हे सांगायला नको!) किंवा इमेजचे तुकडे पाडायचा पर्याय निवडा.

क्लोनझिला (इमेज काढायचं फुकट सॉफ्टवेअर) विंडोजच्या पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या त्या भागाला, हातच लावत नसेल, तर बहुतेक वेळा फास्ट स्टार्टअपची, म्हणजे विंडोज लवकर सुरू करायच्या सोयीची, करामत असते. आपल्याला वाटतं मशीन बंद झालं, पण विंडोज अर्धवट झोपलेलं असतं. शिफ्ट दाबून धरा आणि मग शट डाउन करा.

खरी भीती रीड एररची, म्हणजे डिस्कचा काही भाग वाचताच न येण्याची. माझ्या जुन्या लॅपटॉपची इमेज दरवेळी ६३ टक्क्यांवर यायची, डिस्क टकटक करायची आणि सगळं ठप्प. मी शहाणपणा करून चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चालवलं, तेही खराब सेक्टर (डिस्कचे छोटे कप्पे) शोधायच्या पर्यायासह. रात्रभर ते डिस्क घासत बसलं, सकाळी बायोसला, म्हणजे मशीन सुरू होताना हार्डवेअर ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला, डिस्क दिसेना. तुम्ही तसं करू नका. आधी स्मार्टमधले (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचताना अडलेले संशयित सेक्टर, बघा. आकडा शून्य नसेल, तर महत्त्वाच्या फायली लगेच उचला, मग डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कची नक्कल काढायचं साधन लावा. ते चांगला भाग आधी वाचतं, अडलेला मागे ठेवतं. मॅपफाईल (कुठवर वाचून झालं त्याची नोंद ठेवणारी फाईल) द्यायला मात्र विसरू नका, नाहीतर वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.