एमएस्सी मॅथ्सला ६८ टक्के आहेत, अमेरिकेत पीएचडीला अॅडमिशन मिळेल का? खर्च किती येतो?

टक्क्यांचं टेन्शन सोडा. खर्चाचं म्हणाल तर मॅथ्स पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असते, टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून कॅल्क्युलसच्या पोरांना शिकवायचं, त्याचा स्टायपेंड मिळतो. खिशातून जाते ती अॅप्लिकेशन फी, टोफेल, विमानाचं तिकीट. कर्ज काढून मास्टर्सला मात्र जाऊ नका.

खरी मेख एलओआरमध्ये, म्हणजे सरांच्या शिफारसपत्रात आहे. मी एचओडी सरांकडे मागायला गेलो तर त्यांनी ड्रॉवरमधून कोरी लेटरहेडं काढून दिली, "तूच लिहून आण, मी सही करतो." आता स्वतःबद्दल मी काय लिहिणार, सिन्सियर, हार्डवर्किंग, गुड मॉरल कॅरेक्टर! सरांनी न वाचता हिरव्या शाईत सही ठोकली, शिपायाने तिरका शिक्का मारला, झालं. सगळीकडून नकार. वर सर म्हणतात, युनिव्हर्सिटीत पहिला आला असतास तर घेतलं असतं, आता गपचूप सेट-नेट दे.

त्या उन्हाळ्यात एमटीटीएसला गेलो (कुमारेसन सरांनी १९९३ साली सुरू केलेलं गणिताचं उन्हाळी शिबिर). तिथे शिकवण्यापेक्षा प्रश्नच जास्त विचारतात. कॉम्पॅक्ट सेटची व्याख्या (ओपन सेट्सनी कसंही झाकलं तरी त्यातले मोजकेच पुरतात असा सेट) मी घडाघडा म्हटली, तर शिकवणारे सर म्हणाले, छान, आता हाइने-बोरेलचं प्रमेय न वापरता दाखव की ० ते १ हे ओपन इंटरव्हल कॉम्पॅक्ट नाही. एमएस्सी झालेला माणूस मी, खडू घेऊन नुसता उभा! बऱ्याच वेळाने सुचलं की एक छेद एन ते १ अशी इंटरव्हल्स घ्यायची, सगळी मिळून पूर्ण झाकतात, पण त्यातली मोजकीच उचलली की शून्याजवळचं काहीतरी उघडं राहतंच. सर तोपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. पुढच्या खेपेला एक पत्र त्यांचं होतं, बंद पाकिटात, काय लिहिलं ते मी आजतागायत वाचलेलं नाही. मार्कशीट तीच होती, अॅडमिशन मिळाली.

आमचे एचओडी अजून गावभर सांगतात की पोरगं नशिबाने गेलं. नशीब कसलं सर, तुमचं लेटरहेड नव्हतं म्हणून गेलं! ज्याने तुम्हाला अडकताना आणि सुटताना बघितलंय त्याचंच पत्र घ्या, मग तो साधा लेक्चरर का असेना. तिकडे गेल्यावर अल्जिब्रा, अॅनालिसिसच्या क्वालिफाइंग परीक्षा असतात, तिथेही पाठांतर कामाला येत नाही.

अर्थात हे कागदी पाकिटांच्या जमान्यातलं. आता पत्र अपलोड करायची लिंक थेट सरांना जाते, आणि काही सर ती पोरांनाच फॉरवर्ड करतात म्हणे, धन्य आहे. मार्क अगदीच काठावरचे असतील तर एलओआरही वाचवणार नाही, हेही खरं. जीआरई सब्जेक्ट टेस्ट (मॅथ्सची प्रवेश परीक्षा) कुठे मागतात कुठे नाही, साइट बघा. आणि अमेरिकाच कशाला, आपल्या मुंबईतल्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतही पीएचडीला फेलोशिप मिळते. अमेरिकेतल्या डेडलाइन बहुतेक डिसेंबर-जानेवारीत असतात, तेव्हा सरांना सप्टेंबरातच गाठा, दिवाळीच्या सुट्टीत कोणी सापडत नाही.