लॅपटॉपवरच चालणाऱ्या एआयमध्ये दुसऱ्यांची कागदपत्रं आणि रेकॉर्डिंग टाकायला काय हरकत आहे? डेटा तर बाहेर जातच नाही

हरकत आहे.

तुम्ही लिहिलंय की १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ओलामा (एआय मॉडेल आपल्याच मशीनवर चालवायचं सॉफ्टवेअर) टाकलाय, नेट बंद केलं तरी चालतो, मग घरच्यांची आणि अशिलांची कागदपत्रं, बैठकांची रेकॉर्डिंग असं सगळं त्यात टाकलं तर बिघडलं कुठे. मराठीसाठी मॉडेल कोणतं घ्यावं, हेही विचारलंय. ते शेवटी सांगते. पण ‘डेटा बाहेर जात नाही’ हे आमच्या घरात मी इतकं ऐकलंय की आधी त्यावरच बोलणार.

मी नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये वकिलांसाठी टायपिंगची आणि मसुद्यांची कामं करते. असलं मॉडेल मी स्वतः रोज वापरते. क्लाउडवरच्या, म्हणजे नेटवरून कंपनीच्या मशीनवर चालणाऱ्या चॅटबॉटमध्ये अशिलाचं नाव, गाव, गट नंबर टाकून मोकळे होणारे लोक मी पाहते, त्यांच्यापेक्षा तुम्ही कितीतरी शहाणे आहात. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये तिथल्या जिल्हा न्यायालयांसाठी एआयचं धोरण काढलं, त्यातही क्लाउडवरची साधनं टाळायला सांगितलंय. पण त्याच धोरणात असंही आहे की एआयने दिलेलं माणसाने तपासायचं आणि निष्कर्ष त्याच्यावर सोडायचा नाही. लोक पहिलं लक्षात ठेवतात, दुसरं सोडून देतात. माझ्या चुलतभावाने तेच केलं.

दादा पुण्याला आयटीत आहे. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या वाटणीसाठी दिवाळीत सगळे जमलो होतो. खालच्या खोलीत आत्या राहते. लवकर विधवा झाली, तेव्हापासून ती तिथेच आहे. दादाने फोन टेबलावर उपडा ठेवला आणि काकांना सांगितलं की रेकॉर्ड करतोय, म्हणजे नंतर वाद नको. आत्याला कोणी सांगितलं नाही. ती चहा गाळत होती.

रात्री त्याने ते रेकॉर्डिंग लॅपटॉपवर व्हिस्परमधून (बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं एआय) काढून लिखित केलं, ते लॅपटॉपवरच्याच दुसऱ्या मॉडेलला दिलं आणि सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘बैठकीचा गोषवारा’ नावाची पीडीएफ आली. (डेटा बाहेर जात नाही म्हणे! तीस माणसांच्या ग्रुपवर गेला की.) दिसायला फार नीटनेटकी. मुद्दे पाडलेले, मथळे ठळक. तिसऱ्या मुद्द्यात लिहिलं होतं: ‘आत्यांनी आपला हिस्सा सोडण्यास संमती दिली.’ आणि खाली ‘पुढील कार्यवाही’ म्हणून: ‘हक्कसोडपत्र पुढील महिन्यात करून घेणे.’ पुढच्या महिन्याचं बैठकीत कोणी बोललंच नव्हतं. गोषवारा करायला सांगितलं की ही मॉडेलं पुढची कामं आपल्या मनाने जोडतात, हे मी माझ्या कामातही पाहते.

काकांनी त्याची प्रिंट काढून आणली. आत्याने चष्मा लावून ती वाचली, घडी करून पदराखाली धरली आणि मला मागच्या अंगणात बोलावून विचारलं, “मी असं म्हटलं का वं?”

ती असं म्हणाली नव्हती. मी तिथे होते. पण माझ्या आठवणीसमोर छापील कागद होता आणि घरात सगळे कागदाच्या बाजूने. म्हणून मी दादाला ऑडिओ मागितला. तो म्हणाला, देता येणार नाही, ऑडिओ प्रायव्हेट आहे, म्हणून तर लॅपटॉपच्या बाहेर काढला नाही. माझा राग आहे तो इथे. आवाज आत्याचा, हिस्सा आत्याचा, आणि तिलाच ऐकायला मिळणार नाही, कारण काय तर प्रायव्हसी! कोणाची?

शेवटी काकाच म्हणाले, वाजव बाबा एकदा. वाजवलं. बाहेर फटाके चालले होते, मध्ये कपबशा वाजत होत्या, तरी माणसाच्या कानाला स्वच्छ ऐकू येत होतं: “मले हिस्सा नोको बाप्पा. पण खालची खोली अन् मागची मोरी, मी आहो तोवर माही. हे लिहून द्या, मंग सही करतो.”

मग मी व्हिस्परने लिहिलेला मजकूर पाहिला. ‘हिस्सा नको’ इथवर बरोबर, आणि पुढच्या दोन ओळी अर्थहीन. त्यात नवल नाही. व्हिस्पर सप्टेंबर २०२२ मध्ये आलं तेव्हा ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलेलं होतं, आणि त्यात इंग्रजी सोडून बाकी ९६ भाषांचे सगळे मिळून १,१७,००० तास. त्यात महालातल्या म्हातारीची बोली, तीही फटाक्यांच्या आवाजात, कितीशी असणार? गोषवारा करणाऱ्या मॉडेलला त्या ओळी कळल्या नाहीत. त्याने ‘इथे कळलं नाही’ असं लिहिलं नाही, कळलेल्या अर्ध्या वाक्यावर संमती उभी केली.

दादाचं म्हणणं, मॉडेल लहान होतं, मोठं टाकलं असतं तर बरोबर आलं असतं. आणि पीडीएफला कायद्यात काही अर्थ नाही, एवढं काय मनावर घ्यायचं. दुसरं खरं आहे. नोंदणीकृत हक्कसोडपत्राशिवाय घरातला हक्क सुटत नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईवर घरात दबाव येतो तो काही नोंदणी कार्यालयातून येत नाही. ‘तूच तर म्हणालीस, हे बघ लिहिलंय’ एवढं पुरतं. वकिलांच्या टेबलाशी बसून मी अशा किती सह्या झालेल्या पाहिल्यात. नंतर जो मसुदा झाला त्यात खोली आणि मोरी दोन्ही आली, आत्याच्या हयातीपर्यंत. तो मी टाइप केला आणि तिला मोठ्याने वाचून दाखवला.

आता तुमचं. मशीन तुमचं आहे, त्यात टाकलेला माणूस तुमचा नाही. अशिलाच्या बाबतीत तर हे कायद्यातच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ वकिलाला अशिलाचं गुपित राखायला सांगतं, आणि तेच वकिलाच्या कारकुनाला आणि कर्मचाऱ्यालाही लागू होतं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मधून व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळलेला आहे. दादाने मला हे कलम तोंडावर फेकलं होतं. कायद्याने घरात पोलीस पाठवला नाही म्हणजे आत्याला न विचारता तिचा आवाज घ्यायची परवानगी झाली, असं मी मानत नाही. आणि तुम्ही कागदपत्रं पैसे घेऊन करत असाल तर ती घरगुतीची सवलतही विसरा.

शिवाय ‘बाहेर जात नाही’ हेही तपासून घ्या. ओलामामध्ये आता क्लाउडवर चालणारी मॉडेलंही आहेत, त्यांच्या नावातच क्लाउड असतं. ती घेतलीत तर मजकूर तुमच्या लॅपटॉपवर राहत नाही. एरवी ओलामा फक्त तुमच्याच मशीनला उत्तर देतो, पण कुठल्या तरी व्हिडिओत पाहून ओलामाच्या सेटिंगमधला होस्टचा पत्ता ०.०.०.० केलात तर त्याच वायफायवरचा कोणीही विनापासवर्ड ते वापरू शकतो. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ओलामाला विचारलेले प्रश्न हिस्टरीच्या साध्या फाइलमध्ये पडून राहतात. एलएम स्टुडिओ हे ओलामासारखंच दुसरं सॉफ्टवेअर, तेही चॅट डिस्कवरच ठेवतं. आणि उन्हाळ्यात लॅपटॉप तापून बंद पडला की आपण तो सीताबर्डीला दुरुस्तीला देतो, चिठ्ठीवर पासवर्ड लिहून. डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय कोणाला वाचता येणार नाही, दुसऱ्यांच्या फायली काम झालं की काढा, आणि पासवर्ड देणार असाल तर आधी फायली काढा, मग द्या.

स्वतःच्या डायऱ्या, स्वतःचे रिपोर्ट, स्वतःचे हिशेब काहीही टाका, त्यावर माझं काही म्हणणं नाही. दुसऱ्याचं टाकायचं तर आधी त्याला विचारा, रेकॉर्डिंग असेल तर सुरू करण्याआधी सगळ्यांसमोर विचारा, आणि त्याने मागितलं की मूळ ऑडिओ द्या. गोषवारा पुढे पाठवणार असाल तर ज्याच्या तोंडी वाक्य घातलंय त्याला आधी दाखवा. मॉडेल मोठं घेतल्याने यातलं काहीच होत नाही. दादा चांगल्या मनाचा आहे, वाद मिटावा म्हणूनच त्याने ते केलं, हेही सांगायला हवं. पण ऑडिओ आत्याला द्यायला हवा होता, हे तो अजून मान्य करत नाही.

मॉडेलचं: १६ जीबीत मराठीसाठी मला गूगलचं जेमा ३ हे मॉडेल बरं वाटतं. ते लहानमोठ्या आकारांत मिळतं. त्यातलं १२बी साधारण ८ जीबीचं आहे, बाकी सगळं बंद करून चालवा, ग्राफिक्स कार्ड नसेल तर सावकाश लिहील. त्याहून लहान ४बी पटकन उत्तर देतं, पण मराठीत वाक्यं घसरतात, मसुद्याला घेऊ नका. रेकॉर्डिंगसाठी व्हिस्परचं लार्ज नावाचं मोठं मॉडेल घ्या. वऱ्हाडी-नागपुरी बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं असेल तर हेडफोन लावून हातानेच टाइप करा, मी तेच करते.