मुंबईत लोकलच्या फेऱ्या वाढवत का नाहीत? सगळ्या मेट्रो झाल्यावर तरी गर्दी कमी होईल का?

मी चिपळूणचा, पण अर्धं घर दिवा-डोंबिवलीत, त्यामुळे हा विषय आमच्याकडे जेवताना पण निघतो.

फेऱ्या वाढवायला नुसते डबे आणून भागत नाही हो, रुळावर जागा लागते. सकाळच्या गर्दीत ३ मिनिटाला एक लोकल धरा, म्हणजे एका रुळावर तासाला २० झाल्या, एकविसावी घुसवणार कुठे? वर सीएसएमटीला आलेली गाडी रिकामी होऊन परत सुटेपर्यंत तो प्लॅटफॉर्म अडकलेला.

आम्हा कोकणवाल्यांना ह्याचा फटका वेगळाच बसतो. दादर-रत्नागिरी पॅसेंजर कोविडनंतर दिव्यावरूनच सुटते, म्हणजे परळच्या माणसाने पोरंबाळं, बोचकी सगळं घेऊन आधी लोकलने दिवा गाठायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन सुरू झाली, त्यामुळे कुर्ल्यापर्यंत मेलगाड्यांना वेगळा रूळ मिळाला, पण कुर्ला ते सीएसएमटी काम रखडलेलंच, मग तिथून पुढे मेल आणि फास्ट लोकल एकाच रुळावर आणि एक पॅसेंजर आत घ्यायची म्हणजे लोकलची वेळ खायची. हे सगळं खरंय, पण कोकणातल्या मांडवी, वंदे भारत जातातच की सीएसएमटीला! जागा फक्त गरिबाच्या पॅसेंजरलाच कशी नसते ते मला काय पटत नाही.

मेट्रोचं म्हणाल तर जिथे ती लोकलला समांतर धावते तिथे फरक पडेल. मेट्रो ३ आरे ते कफ परेड, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली, ८ डब्यांची आहे, तिने वेस्टर्नवाल्यांना थोडा श्वास मिळेल. पण २०१४ ची मेट्रो १ वर्सोव्याहून माणसं आणून घाटकोपरलाच सोडते, ती पुढे लोकलच पकडतात ना. आणि बदलापूर-डोंबिवलीचा माणूस दर किलोमीटर-दीड किलोमीटरला थांबणाऱ्या मेट्रोने फोर्टपर्यंत जाणार का? फास्ट लोकल सोडून? शक्यच नाही.

माझ्या मते आधी १२ च्या १५ डबे करा, त्याच वेळेत पाव पट जास्त माणसं जातात. प्लॅटफॉर्म लांबवावे लागतील, काही स्टेशनांना पुढेमागे पूल नाहीतर वळण आहे तिथे डोकेदुखी होणार, पण नवीन रुळाला जमीन मिळवण्यापेक्षा ते सोपं. आणि कुर्ल्याच्या पुढची लाईन तेवढी संपवा एकदाची, मग पॅसेंजर दादरला का नाही ते विचारायला आम्ही येतोच.